केबल कंपनी ‘तोट्यात’ आहे, हे ट्रायने कशावरून मानायचं?

गिरगावकर: बिल वाढलं की आमच्या चाळीत एकच उत्तर मिळतं, ‘वरची कंपनीच, म्हणजे केबलवाल्याला सिग्नल पुरवणारी, तोट्यात आहे.’ माझा आक्षेप त्या तोट्यालाच आहे. जुलै २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार आणि केबलच्या सरकारी नियामकाने, नेटवर्क कपॅसिटी फीची (केबलच्या जोडणीपोटी दरमहा द्यायच्या रकमेची) कमाल मर्यादा उठवली. २०१९ पासून १३० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, एवढा आकडा तरी बोलून दाखवता यायचा. दर मोकळे सोडलेत, तर नफा मोजायची पट्टी तरी कडक हवी. कर्ज काढून दुसऱ्याचं नेटवर्क चढ्या भावाने घेतलं की व्याज आणि गुडविल, म्हणजे मालमत्तेच्या मोलापेक्षा जादा मोजलेली किंमत, खर्चात पडतं, ताळेबंद तोटा दाखवतो. तारा त्याच, ग्राहक तेच. तो चढा भाव आम्ही का फेडायचा? अमेरिकेत १९९२ च्या केबल कायद्यानंतर एफसीसी या तिथल्या नियामकाने खर्चावरून दर ठरवताना ११.२५ टक्के परतावा धरला आणि खरेदीतली अशी जादा किंमत भांडवलात सहसा धरली नाही. आपणही व्याज, कर, घसारा (सामानाच्या झिजेपोटी धरलेला खर्च) यांच्या आधीची कमाई पाहावी.

भांडुपचा केबलवाला: दादा, व्याजाचं पटलं. घसाऱ्याचं अजिबात नाही. २०१२ मध्ये मुंबईत डिजिटल सक्ती झाली, घरोघरी बॉक्स बसवले. ते बॉक्स म्हातारे होतात. पावसात अँप्लिफायर जळतो, रस्ता खोदला की फायबर तुटते. घसारा तुम्हाला कागदावरचा वाटतो, मला तो दर जूनमध्ये खिशातून जातो. त्या १३० रुपयांचा हिशोबही ऐका: वरच्या कंपनीशी वाटणी जमली नाही तर आमचा वाटा ४५ टक्के, म्हणजे साडेअठ्ठावन्न रुपये. त्यातून वसुलीच्या मुलाचा पगार आणि विजेचं बिल.

हिशोबनीस ताई: तुम्ही दोघंही हिशोबाच्या वहीतच अडकलात. वही हवी तशी लिहिता येते. टोबिन या अर्थतज्ज्ञाचं एक माप आहे: धंद्याचा बाजारभाव भागिले तोच धंदा आज नव्याने उभा करायचा खर्च. उत्तर एकाच्या बरंच वर गेलं, तर जादा पैसा मक्तेदारीतून येतोय असा संशय घ्यायला जागा आहे. केबलमध्ये एरिया, म्हणजे एका भागातली सगळी कनेक्शनं, विकताना भाव कनेक्शनमागेच ठरतो ना? मग तो भाव आणि तारा-बॉक्सचा खर्च शेजारी ठेवा.

भांडुपचा केबलवाला: ताई, त्या भावात माझ्या वडिलांनी गच्च्यांवर चढून जोडलेली माणसं आहेत. ती मक्तेदारी नव्हे. आणि डिश आली, मोबाइलवर मॅच आली, आता एरिया घ्यायला येतंय कोण? तुमचं माप आज लावलं तर उत्तर एकाच्या खालीच येईल.

हिशोबनीस ताई: मेहनतीचं मोल आहेच, ते मी नाकारत नाही. पण भाव पडला म्हणून माप चुकीचं ठरत नाही. तुमची ताकद ओसरली, एवढंच ते सांगतंय.

गिरगावकर: घसाऱ्याचा मुद्दा मान्य, बॉक्सची झीज धरा. गुडविलवर मात्र मी हटणार नाही. आणि आणखी एक: आता त्याच फायबरवरून इंटरनेटही जातं. खांबाचा, तारेचा, माणसाचा खर्च टीव्हीच्या खात्यात आणि इंटरनेटची कमाई वेगळ्या कंपनीत दाखवली, तर टीव्ही कायम तोट्यातच दिसणार. ट्रायने दोन्ही खाती एकत्र मागवावीत.

भांडुपचा केबलवाला: मागवा. माझी वही उघडीच आहे. सुरुवात वरच्या कंपनीपासून करा.