मेग्जच्या डायऱ्या आणि पत्रं: सुरुवात कुठून करायची?

कोरीव_दगड:
मॉन्टगोमेरी मेग्ज (१८१६–१८९२) या अमेरिकन लष्करी इंजिनिअरवर मराठीत दीर्घ लेख लिहायचा आहे. वॉशिंग्टनची पाणीयोजना, कॅपिटॉल या संसदभवनाचा विस्तार आणि घुमट, यादवी युद्धातलं क्वार्टरमास्टर जनरलपद, शेवटी पेन्शन बिल्डिंग (सैनिकांच्या पेन्शन कचेरीची इमारत), एवढा ढाचा डोक्यात आहे. छापील चरित्रांवर विसंबायचं नाही, मूळ कागदांवरून लिहायचं आहे. अडचणी अशा:
त्याच्या डायऱ्या लघुलिपीत आहेत, त्या वाचता येतात का? सरकारी पत्रव्यवहार एका ठिकाणी मिळत नाही, १८६२ नंतर पाणीयोजनेची पत्रं एकदम आटतात. बऱ्याच पत्रांवर तारीख नाही, असली तर वर्ष नाही. आणि पुलांची मापं प्रत्येक ठिकाणी वेगळी दिसतात. क्वार्टरमास्टर जनरलला 'रसद खात्याचा प्रमुख' म्हटलं तर चालेल ना?

दप्तरी:
पहिलं म्हणजे खाजगी आणि सरकारी कागद वेगळे धरा. डायऱ्या, घरची पत्रं, वह्या हे खाजगी दप्तर लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या हस्तलिखित विभागात आहे. सरकारी कागद नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, आणि तिथे ते माणसाच्या नावाने लावलेले नाहीत, खात्याच्या नावाने लावलेत. 'मेग्ज' म्हणून शोधाल तर निम्मंसुद्धा हाती लागणार नाही. 'हे काम त्या साली कोणत्या खात्याकडे होतं?' असं विचारत जा.

पत्रं आटतात ती तिथेच. १८६२ साली कॅपिटॉल आणि पाणीयोजना ही दोन्ही कामं युद्ध खात्याकडून गृहखात्याकडे गेली. (हे गृहखातं म्हणजे तिकडचं इंटिरियर. आपल्यासारखं पोलिसांचं नव्हे, त्यामुळे लेखात 'इंटिरियर खातं' असंच लिहा.) इंजिनिअर कोअरचे (लष्करी इंजिनिअर दलाचे) कागद रेकॉर्ड ग्रुप (म्हणजे खातेवार गट) ७७ मध्ये, इंटिरियरचे ४८ मध्ये. पाणीयोजना १८६७ ला परत युद्ध खात्याकडे आली, म्हणजे मधली पाच वर्षं ७७ मध्ये खणत बसण्यात अर्थ नाही. क्वार्टरमास्टर खातं ९२ मध्ये. त्यातली एकत्रित पत्रव्यवहार फाइल, १७९४ ते १८९०, विषयाच्या अक्षरानुक्रमाने लावलेली आहे. माणसाचं, जागेचं, वस्तूचं नाव घालून शोधायला तीच सगळ्यात सोयीची.

बाकी ठिकाणी आवक-जावक रजिस्टरशिवाय पाऊल टाकू नका. पद्धत आपल्या जुन्या कचेऱ्यांसारखीच: आलेलं पत्र घडी घालून पाठीवर गोषवारा लिहायचा, त्यात पाठवणाऱ्याचं नाव, तारीख, विषय आणि आवक क्रमांक. क्रमांक पाठवणाऱ्याच्या आडनावाच्या आद्याक्षरावर चालतो. मेग्जचं पत्र 'एम'खाली असायला हवं, पण दुसऱ्या अधिकाऱ्याने ते स्वतःच्या पत्रासोबत पुढे पाठवलं असेल तर त्याच्या अक्षराखाली जातं. 'एम'मध्ये नाही म्हणजे हरवलं, असं समजू नका. स्कॅन मागवताना पाठीची बाजू आवर्जून मागा. मजकुरावर वर्ष नसलं तरी पाठीवर आवक तारीख बहुतेकदा सापडते.

पाठ कोरी असेल तर हुद्द्यावरून काळ बांधा. १८३६ ला वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून मेग्ज पाचव्या क्रमांकाने बाहेर पडला. १८३८ पासून फर्स्ट लेफ्टनंट, ३ मार्च १८५३ ला कॅप्टन, १४ मे १८६१ ला ११व्या पायदळ रेजिमेंटचा कर्नल आणि दुसऱ्याच दिवशी ब्रिगेडियर जनरल. 'कर्नल मेग्ज' लिहिलेला कागद दिसला तर जपून! ब्रेव्हेट मेजर जनरल १८६४ चा, पण ब्रेव्हेट म्हणजे मानाचा हुद्दा. त्यावरून तारीख ठरवू नका.

नावांचा घोळही आहे. मुलगा जॉन रॉजर्स मेग्ज हाही लष्करी इंजिनिअर, वेस्ट पॉइंटच्या १८६३ च्या तुकडीत पहिला आलेला, ऑक्टोबर १८६४ मध्ये शेनांडोआ खोऱ्यात मारला गेला. दुसरा मुलगा मॉन्टगोमेरी मेग्जच, तो मुलकी इंजिनिअर, १९३१ पर्यंत हयात. मिसिसिपी नदीवरच्या कामाचे १८८२ नंतरचे कागद दिसले तर ते बहुधा मुलाचे. बापाने त्या नदीवर १८३७ ला रॉबर्ट ई. ली याच्या हाताखाली मोजणी केली होती, त्यामुळे गल्लत अगदी सहज होते.

लघुलेखनी:
डायऱ्यांबद्दल. लिपी म्हणजे पिटमन या इंग्रजाने काढलेली लघुलिपी, वाचता येते. कॅपिटॉलशी संबंधित भाग, १८५३ ते १८५९ आणि १८६१, सिनेटने २००१ साली इंग्रजीत छापलाय. तेवढ्यावर लेख होऊ शकतो, पण ती निवड आहे. पाणीयोजना आणि घरच्या गोष्टी बऱ्याच गाळलेल्या असतात. म्हणून 'मेग्ज अमुक विषयावर गप्प आहे' असं विधान छापील पुस्तकावरून कधीच करू नका.

मूळ पानं वाचायला बसणार असाल तर कोणतं पाठ्यपुस्तक हाती धरता त्यावर सगळं आहे. आपल्याकडे टंकलेखन-लघुलेखनाच्या वर्गात शिकवतात ती पिटमन नंतरची. मेग्ज शिकला १८५७ च्या आधी. त्या साली पिटमनने ठिपक्याच्या स्वरांचा क्रम उलटा केला. जुन्या पद्धतीत रेघेच्या सुरुवातीला जाड ठिपका म्हणजे 'ई', मधे 'ए', शेवटी 'आ'. नव्या पद्धतीत सुरुवातीला 'आ' आणि शेवटी 'ई'. म्हणजे ट-म या रेघांना सुरुवातीला ठिपका असेल तर जुन्या रीतीने ते 'टीम', खेचरांची वा घोड्यांची जोडी. नव्या रीतीने वाचलंत तर 'टाम', ज्याला काही अर्थच नाही. असे निरर्थक शब्द सारखे येऊ लागले की समजायचं, पुस्तक चुकीचं धरलंय. छोट्या आडव्या खुणांचे स्वर मात्र दोन्हीकडे सारखेच, त्यामुळे अर्धी ओळ बरोबर लागते आणि माणूस फसतो.

दुसरी अडचण जाडी. प आणि ब, ट आणि ड, क आणि ग यांची रेघ एकच. बारीक असेल तर पहिला वर्ण, जाड असेल तर दुसरा. काळ्या-पांढऱ्या मायक्रोफिल्ममध्ये हा फरक मरतो, तेव्हा करड्या छटांचं किंवा रंगीत स्कॅन मिळत असेल तर तेच घ्या. आणि सरावलेला हात स्वर टाकतच नाही. मोडी वाचणाऱ्याला हे नवं नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा आधार नसताना संदर्भावरच वाचायचं.

विशेषनामांसाठी आधी तक्ता करा. त्या वर्षाचा छापील वार्षिक अहवाल घ्यायचा, त्यातली ठेकेदार, कारागीर, गावं यांची नावं काढायची आणि शेजारी फक्त व्यंजनं मांडायची. ब्रुमिडी म्हणजे ब-र-म-ड, शिल्पकार क्रॉफर्ड म्हणजे क-र-फ-र-ड. भित्तिचित्रकार ब्रुमिडी डिसेंबर १८५४ च्या अखेरीपासूनच दिसायला हवा. आधीच्या पानावर 'सापडला' तर वाचन परत तपासा.

गाळा_आणि_कमान:
मापांचं सांगतो. पाणीयोजनेचा नळ नेणाऱ्या कॅबिन जॉन पुलाचा गाळा (कमानीच्या दोन टोकांमधलं अंतर) २२० फूट (६७ मीटर), कमानीची उंची ५७ फूट ३ इंच. काही ठिकाणी दिसणारा मोठा आकडा पुलाच्या एकूण लांबीचा असतो, गाळ्याचा नव्हे. १९०३ पर्यंत दगडी कमानींत जगात हा सर्वात मोठा गाळा होता. कमानीचे दगड ग्रॅनाइटचे, वरचं बांधकाम बरंचसं सेनेका इथल्या खाणीतल्या वालुकाश्माचं. बाहेरून भरीव भिंत दिसते, पण कमानीच्या खांद्यांत आतून छोट्या कमानी घालून पोकळी ठेवलीय, नाहीतर कमानीवर फुकटचं ओझं आलं असतं. आराखड्यात आल्फ्रेड राइव्हज या तरुण इंजिनिअरचा मोठा हात होता. तो पुढे दक्षिणेच्या बाजूला गेला, त्याचं श्रेय लेखात राहू द्या.

पुलाच्या शिलालेखावरून सालं काढताना सावध. १८६२ ला जेफर्सन डेव्हिसचं नाव खोडलं गेलं, कारण युद्धमंत्री असताना योजनेला बळ देणारा हाच माणूस आता बंडखोरांचा अध्यक्ष होता. थिओडोर रूझवेल्टच्या कारकिर्दीत ते परत कोरायचा हुकूम निघाला. म्हणजे जुन्या फोटोत नाव आहे की नाही, यावरून फोटोचा काळ ठरतो.

पाणी पोटोमॅक नदीवरच्या ग्रेट फॉल्स धबधब्यापासून येतं, अंतर सुमारे १२ मैल. नळ विटांचा, आतला व्यास ९ फूट, उतार मैलाला फक्त साडेनऊ इंच. एवढ्या कमी उतारावर मोजणीत चार-पाच इंचांची चूक म्हणजे अर्ध्या मैलाचा उतार गेला. समतलनाच्या वह्यांना इतकं महत्त्व का, ते यातून कळेल. 'पाणी कधी आलं' याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी: जानेवारी १८५९ ला जवळच्या ओढ्याचं, डिसेंबर १८६३ ला पोटोमॅकचं. शहरातल्या रॉक क्रीक या ओढ्यावर ४८ इंची ओतीव लोखंडी नळांचीच २०० फुटी कमान केली, पाणीही त्यातूनच आणि रस्ता वरून. माझ्या मते त्याच्या सगळ्या कामांत डोकं सर्वात जास्त इथे दिसतं, पण लेखांत याला दोन ओळीही मिळत नाहीत.

गॅलन अमेरिकन आहे, ३.७८५ लिटरचा. ब्रिटिश ४.५४६ ने गुणलंत तर २० टक्के जास्त येईल. कॅपिटॉलच्या घुमटाचं लोखंड ८९,०९,२०० पौंड, म्हणजे सुमारे ४,०४० मेट्रिक टन. तिकडचा टन २,००० पौंडांचा, म्हणून अमेरिकन आकडा ४,४५५ दिसतो. दोन्ही आकडे एकच आहेत.

कोरीव_दगड:
उत्तम. घुमटाचं श्रेय मेग्जला किती द्यायचं? आणि 'रसद'चं राहिलं.

दप्तरी:
'रसद' नको. सैन्याचं धान्य आणि मांस कमिसरी खात्याकडे होतं, बंदुका-दारूगोळा ऑर्डनन्सकडे. मेग्जकडे कपडे, तंबू, घोडे, खेचरं, गाड्या, जनावरांचं दाणावैरण, आगबोटी, छावण्या आणि दफनभूमी. आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीचा विषय त्या शेवटच्या शब्दातून येतो, १८६४ ला. 'क्वार्टरमास्टर जनरल' तसंच ठेवा आणि एकदा ही यादी द्या.

घुमटाचा आराखडा वास्तुविशारद टॉमस वॉल्टरचा. मेग्ज कामावरचा इंजिनिअर, ठेके, पैसा आणि उभारणीची यंत्रणा त्याची. दोघांचं पुढे इतकं बिनसलं की नकाशे कुणाच्या ताब्यात राहायचे यावरून भांडण झालं. मेग्जच्या डायरीत वॉल्टर नेहमीच चुकीचा असतो, हे उघड आहे. म्हणून फिलाडेल्फियाच्या अथेनियम या ग्रंथालयातले वॉल्टरचे कागद समोर ठेवूनच ती पानं वाचा. नोव्हेंबर १८५९ ते फेब्रुवारी १८६१ या काळात कॅपिटॉलवर मेग्ज नव्हताच, युद्धमंत्री फ्लॉइडने त्याला हटवून विल्यम फ्रँकलिनला आणलं होतं. १८६० च्या शरदात तर त्याला फ्लोरिडापलीकडच्या ड्राय टॉर्टुगाज बेटांवर धाडलं. त्या काळातली कॅपिटॉलची पत्रं फ्रँकलिनच्या 'एफ'खाली बघा.

गाळा_आणि_कमान:
पेन्शन बिल्डिंगवर लिहाल तेव्हा दोन गोष्टी घ्या. जिन्याच्या पायऱ्या मुद्दाम बुटक्या ठेवल्यात, कारण येणारे लोक लंगडे, वयस्क सैनिक. आणि खिडक्यांखाली भिंतीत विटा सोडून हवेला वाट ठेवलीय. मधल्या दालनातले आठ खांब ७५ फूट उंच, विटांचेच, वर गिलावा करून संगमरवरासारखे रंगवलेले. 'संगमरवरी खांब' लिहू नका, मराठीत दोन-तीन ठिकाणी तसं छापलेलं दिसतं.