रचना मिळाली की औषध मिळालं?
नवं औषध हवं तर 'एन्झाइमची (पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाची) रचना एकदा कळली की संगणकावर त्याच्या खाचेत बसणारा रेणू शोधायचा, झालं' असं म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. क्षयाच्या जंतूतलं इन-एच-ए हे एन्झाइम घ्या. त्याला अडवणारं आयसोनियाझिड हे औषध १९५२ पासून वापरात आहे. ते या एन्झाइमवर काम करतं याचा धागा १९९४ मध्ये लागला आणि एन्झाइमच्या स्फटिकावरून काढलेली रचना आली १९९५ मध्ये. म्हणजे औषध आधी, कुलूप चाळीसेक वर्षांनी! खरी गंमत १९९८ ची. औषधासकट रचना पाहिली तर खाचेत आयसोनियाझिड जसंच्या तसं नव्हतंच. त्याचा एक तुकडा एनएडी या पेशीतल्या मदतनीस रेणूला चिकटून बसलेला. हा तुकडा जंतूचंच कॅट-जी हे दुसरं एन्झाइम तयार करतं. संगणकावर मूळ गोळीचा रेणू कितीही बसवून पाहिला असता तरी हे कळलं नसतं. या औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंत बहुतेकदा बिघाड असतो तो कॅट-जीमध्ये, इन-एच-ए शाबूत असतं. म्हणून आता कॅट-जीची गरजच नसलेले, थेट खाचेत बसणारे रेणू शोधतात, आणि तिथे मात्र ही रचना फार कामाला येते.

बाकी रचना 'कळणं' हेही काही सोपं नाही. एमएस्सीच्या प्रोजेक्टला प्रथिनाचे स्फटिक वाढवायला चार महिने द्रावणाचे थेंब लावल्यावर एका सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली लख्ख स्फटिक दिसले. सुईने टोचलं तर कट्कन आवाज. प्रथिनाचा स्फटिक मऊ असतो, नुसता चुरा होतो. माझे मिठाचे निघाले.