मदत हवी आहे: आईला नेपल्सचा उपसागर दाखवायचाय, काप्री बेट की प्रोचिदा बेट?

नमस्कार मंडळी, मे महिन्यात आईला घेऊन चार दिवस इटलीत नेपल्सला जातोय. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सपाटीवर छान चालते, पायऱ्या मात्र जमत नाहीत. आणि तिथलं सगळं सौंदर्य नेमकं उंचावर!

शहरात फ्युनिक्युलरने (दोराने ओढल्या जाणाऱ्या चढावरच्या रेल्वेने) व्होमेरो टेकडीवर जाऊन सांत एल्मो किल्ल्यावरून खालची दाटीवाटीची जुनी वस्ती, बंदर आणि मागे व्हेसुव्हियस ज्वालामुखी बघायचा, एवढं पक्कं आहे. किल्ल्याच्या आत लिफ्ट चालू असते का?

खरा प्रश्न बेटाचा. काप्रीत ५८९ मीटर उंचीच्या मोंते सोलारोवर अनाकाप्रीतून खुर्चीचा रोपवे जातो. पण खुर्ची एकेकट्याची, चालती असतानाच बसायचं. आईला झेपेल? माझा जीव प्रोचिदात अडकलाय. तिथल्या कोरिचेल्ला या मासेमारी बंदरातली गुलाबी, पिवळी, निळी कोळ्यांची घरं तेर्रा मुराता या उंचावरच्या जुन्या वस्तीच्या वाटेवरून एकदा तिच्यासोबत बघायचीत. लहानपण हर्णैला गेलेलं, बंदर दिसलं की ती हरखते. तेर्रा मुराताच्या त्या वाटेपर्यंत बस किंवा टॅक्सी जाते का? खाली कोरिचेल्लाच्या धक्क्यावर पायऱ्या टाळून, निदान छोट्या होडीने पोचता येतं का?

ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी कृपया अनुभव सांगा. बेटासाठी एकच दिवस आहे.