टेक्सासात कॉलेजची आइस हॉकी का नाही?

फ्रिस्कोकर: नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसजवळ फ्रिस्कोला राहतो. मुलगा तेरा वर्षांचा, आइस हॉकीचं प्रचंड वेड. एनएचएल या व्यावसायिक हॉकी लीगमधले डॅलस स्टार्स इथलेच, 1999 चा स्टॅनली कप (लीगचं विजेतेपद) त्यांनी जिंकलेला, सरावाला रिंकही आहेत. पण कॉलेज हॉकीत डिव्हिजन वनला, म्हणजे सर्वांत वरच्या गटात, टेक्सासचा एकही संघ नाही! मिशिगनचे सात, मिनेसोटाचे सहा. पैसा इथेही आहे, मग अडतं कुठे?

सुपिरियरकाठ: मी मिनेसोटातल्या डुलुथला राहते, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे. पैसा नंतर, आधी थंडी. इथे तळी गोठतात, बागांमध्ये पाणी सोडून रिंक करतात, आमचे शेजारी तर घरामागच्या अंगणातच करतात. पोरांना बर्फ फुकट. तुमच्याकडे तासाचं भाडं भरा, मग स्केट्स चढवा. त्या फुकटच्या बर्फावर शाळांचे संघ उभे राहिले. मिनेसोटाची शालेय राज्यस्पर्धा 1945 पासून चालू आहे. 1980 च्या ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला हरवणारे वीस अमेरिकन खेळाडू बघा: 12 मिनेसोटाचे, 4 मॅसॅच्युसेट्सचे, विस्कॉन्सिन आणि मिशिगनचे दोन-दोन. चार राज्यांत अख्खा संघ संपला!

प्रेक्षकांचं म्हणाल तर ग्रँड फोर्क्स, हॉटन, बेमिजी ही लहान गावं. एनएचएल तिथून लांब, त्यामुळे कॉलेजचा संघ हाच गावाचा संघ. ग्रँड फोर्क्सची वस्ती साठ हजारांच्या आसपास, आणि तिथलं राल्फ एंगलस्टॅड अरीना अकरा हजारांवर प्रेक्षकांचं. आमच्या डुलुथच्या मुलांनी 2011, 2018 आणि 2019 ला राष्ट्रीय विजेतेपद आणलं. मुलींनी तर पाच वेळा! त्यांचं नाव कुणी घेत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

चार्ल्सतीर: पूर्वेकडे बॉस्टनसारख्या मोठ्या शहरातही हेच. तिथल्या चार कॉलेजांची बीनपॉट स्पर्धा बघा: बॉस्टन युनिव्हर्सिटी, बॉस्टन कॉलेज, हार्वर्ड, नॉर्थईस्टर्न. 1952 पासून चालू, हल्ली फेब्रुवारीतले दोन सोमवार. चौघेही एकमेकांपासून काही मैलांवर, त्यामुळे ऑफिसात शेजारी बसणाराच विरोधी संघाचा निघतो.

फ्रिस्कोकर: म्हणजे दक्षिणेत हे होणारच नाही?

सुपिरियरकाठ: होतं, पण जड जातं. ॲरिझोना स्टेट 2015 पासून डिव्हिजन वनला आहे. अलाबामा-हंट्सव्हिलनं मात्र 2021 मध्ये संघ बंद केला. दक्षिणेत ते एकटेच होते, सामन्याला जायचं तर दर वेळी लांबचा प्रवास. नवा संघ काढायला रिंकच बांधावी लागते. पेन स्टेट युनिव्हर्सिटीला उद्योगपती टेरी पेगुला यांनी कोट्यवधी डॉलर दिले तेव्हा कुठे 2012 ला ते डिव्हिजन वनमध्ये आले.

मुलाला मात्र नाउमेद करू नका. शाळा संपली की बरेच जण वर्ष-दोन वर्षं ज्युनियर लीग (कॉलेजआधीच्या तरुण खेळाडूंची लीग) खेळतात आणि विसाव्या वर्षी कॉलेजात येतात. तुमच्या शेजारच्या प्लेनोचा ब्लेक कोलमन ज्युनियर खेळायला उत्तरेत आला, मग ओहायोतल्या मायामी युनिव्हर्सिटीकडून खेळला आणि 2020, 2021 ला टँपा बेकडून स्टॅनली कप जिंकला. त्याचे सामने मुलाला जरूर दाखवा.