प्रति: सुपरचार्जर लावल्यावर फुल थ्रॉटलला मिश्रण लीन होतंय

तुमची २००१ ची मस्टँग जीटी, ४.६ लिटर, सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंप) लावल्यावर ५००० आरपीएमनंतर लीन होतेय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय; आणि वर एकांनी सुचवलंय की ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) इंधनाच्या टेबलमध्ये सरळ १० टक्के वाढवा. कृपया तसं करू नका. आधी लॉगमध्ये (गाडी चालवताना नोंदवलेल्या आकड्यांत) मॅफचं, म्हणजे आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरचं, व्होल्टेज बघा. ते ५ व्होल्टला टेकलं असेल, तर त्यापुढची हवा ईसीयूला दिसतच नाही. वाढवलेलं इंधन ५००० ला पुरेल, ६००० ला पुन्हा कमी पडेल. मोठ्या रेंजचा मॅफ घ्या आणि त्याचाच कर्व्ह (किती व्होल्टला किती हवा, तो तक्ता) ईसीयूत भरा.

मोठे इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे नोझल) टाकलेत तर त्यांचा खरा फ्लो डेटा द्या. मॅफचा कर्व्ह खोटा करून इंजेक्टर जुळवणं फार धोक्याचं, कारण इग्निशन टायमिंगही (ठिणगी कधी पडायची ते) त्याच हवेच्या आकड्यावरून ठरतं. हवा कमी दाखवली की बूस्टमध्ये (सुपरचार्जर हवा दाबत असताना) टायमिंग पुढे सरकतं, म्हणजे ठिणगी फार लवकर पडते, नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी स्फोट) सुरू होतं आणि पिस्टन जातो. एअर-फ्युएल रेशो (हवा आणि इंधनाचं प्रमाण) मात्र तोवर अगदी छान दिसत असतो!

आणि वाइडबँड (हे प्रमाण मोठ्या पल्ल्यात मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) लावल्याशिवाय बूस्टमध्ये जाऊच नका. मूळचा ओ-टू (ऑक्सिजन) सेन्सर १४.७ रेशोच्या आसपासच भरवशाचा; तुम्हाला बूस्टमध्ये पेट्रोलवर ११.५ ते १२ हवंय. इंजेक्टर ड्युटी सायकलचाही (इंजेक्टर किती टक्के वेळ उघडा असतो त्याचाही) लॉग टाका, मग बघू.