पिवळ्या ढालीला हात लावू नये (जुना पीसी, अपडेट, सिक्युरिटी : तुमचे अनुभव)

जुनी_खिडकी
काल माळा आवरताना आप्पांची कॉम्प्युटरची वही सापडली. सगळं क्रमवार. '१. भिंतीवरचं बटण. २. डब्याचं बटण. ३. चित्र येईपर्यंत थांबणे.' आणि चौथ्या पानावर लाल शाईत, चौकटीत : 'खाली उजव्या कोपऱ्यात पिवळी ढाल दिसते. हात लावू नये. चि. ची सूचना.'

चि. म्हणजे मी. विंडोज एक्सपीचे दिवस. पिवळी ढाल म्हणजे अपडेट आलंय. त्यांनी फोनवर विचारलं तेव्हा मी घाईत होतो. म्हटलं राहू द्या, आल्यावर बघतो. ते 'आल्यावर' उजाडायला दीड वर्ष लागलं.

२०१० च्या शेवटी गेलो तर मशीन अजून सर्व्हिस पॅक २ (अपडेटांचा एकत्र गठ्ठा) वर, आणि त्याचा सपोर्ट १३ जुलैलाच संपलेला. आधी पॅक ३ टाकणं आलं. पण अपडेटचं पानच उघडेना. एरर मोबाईल नंबराएवढा लांब. मी फायरवॉल (नेटवरून घुसणाऱ्यांना अडवणारी) बंद केली, अँटिव्हायरस बंद केला, ब्राउझरची सिक्युरिटी पार तळाला ओढली. अख्खा दिवस गेला. संध्याकाळी आप्पा मागे उभे राहून म्हणाले, "याचं घड्याळ मागे पडलंय का रे?"

२००२ साल दाखवत होतं. बोर्डवरचा सेल संपलेला. सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र मशीन स्वतःच्या तारखेशी ताडून बघतं, आणि २००२ च्या हिशोबाने ते प्रमाणपत्र अजून जन्मलंच नव्हतं. तारीख बदलली, पान उघडलं.

तुमच्याकडच्या येऊ द्यात.

रिकामटेकडी
चि. ची सूचना 😂😂 हहपुवा. आमच्याकडे वही नाही, थेट मॉनिटरवर चिकटपट्टी. त्यावर पासवर्ड. वर ठळक अक्षरात 'गुप्त'

टंकलेखक
तारीख!! कायम तारीखच असते. सेल सीआर२०३२, नाण्यासारखा. आकडा म्हणजे मापच आहे, २० मिमी रुंद ३.२ मिमी जाड. पीसी चालू करताना दर वेळी तारीख मागे जात असेल तर आधी तो बदला मग बाकीचं उघडा. मी हे न करता दोनदा फॉरमॅट मारलाय

बाराखडी
३५ टक्के. इथून हलेचना. स्क्रीनवर 'बंद करू नका'. मी मुलाला आणायला गेले, सासूबाईंनी बघितलं की कोणी नाहीये आणि उगाच चालू आहे, म्हणून भिंतीवरचं बटण बंद. परत आले तर 'बदल मागे घेत आहोत', तेही तीन तास. त्यांचा दोष नाही हो, घरभर दिवे पंखे बंद करत फिरायची सवय

रिकामटेकडी
@बाराखडी मुलगा केवढा आता?

बाराखडी
बारावीला. तोच आता मला म्हणतो हात लावू नकोस 🙄

तळटीप
दोन अँटिव्हायरस टाकले होते कोणी? मी. एकापेक्षा दोन बरे असं वाटलं. दोघंही प्रत्येक फाइल उघडताना तपासायला धावणार, २ जीबी रॅम, माऊसचा बाण एकेक पाऊल टाकत चालायचा. एक काढल्यावर मशीन तरुण झालं.

आणि अपडेट सारखं फेल होत असेल तर : सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज अपडेट थांबवा, विंडोज फोल्डरमधल्या सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशनच्या आतला डाउनलोड फोल्डर रिकामा करा, सर्व्हिस परत चालू. अर्धवट उतरलेला कचरा जातो, सगळं नव्याने उतरतं. त्याआधी डिस्कवर जागा आहे का बघा. माझ्याकडे नव्हती, सगळी लग्नाच्या व्हिडिओने खाल्लेली. माझ्या नाही, मेव्हण्याच्या.

अर्धा_पासवर्ड
आमच्या डब्यावर बोका झोपायचा. गरम असतो ना. केसांनी पंखा जाम, मशीन तापून अपडेटच्या मध्येच बंद. धाग्याशी संबंध नाही फारसा, आठवण आली म्हणून

गप्पिष्ट
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आईच्या मशीनमध्ये नाही. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी सिस्टिम बसवून दिली. मी बूट, ड्रायव्हर, प्रिंटर सगळी तयारी करून बसलो होतो. तिचा प्रश्न एकच, पत्ते कुठे गेले?

टंकलेखक
@गप्पिष्ट मग? मिळाले का पत्ते

गप्पिष्ट
मिळाले. पण "हे जिंकल्यावर नाचत नाहीत". तेवढी नाराजी अजून आहे.

तळटीप
@जुनी_खिडकी एक विचारू का. त्या दिवशी बंद केलेली फायरवॉल नंतर चालू केलीत ना?

जुनी_खिडकी
तुमचा प्रश्न वाचून वही परत उघडली. चौथ्या पानाला पुढचं पान चिकटलेलं होतं.

'लाल ढाल दिसते. चि. येऊन गेले तेव्हापासून. विचारावे का?'

बाराखडी
अरे देवा. विचारलं होतं का त्यांनी?

जुनी_खिडकी
नाही.

रिकामटेकडी
वही जपून ठेवा दादा.
@अर्धा_पासवर्ड बोक्याचं पुढे काय झालं, भाजला नाही ना?

अर्धा_पासवर्ड
छे. लॅपटॉप आल्यावर रुसला तेवढंच. झाकण उघडलं की बसायला जागा नाही