संत्र्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक

"प्रत्येक देशाने आधी आपलं बघावं, बाहेरच्या बाजाराच्या भरवशावर राहू नये" असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. आपल्या नागपुरी संत्र्याचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश. त्यांनीही 'आधी आपलं' बघितलं आणि 2019 नंतर आयात शुल्क चढवत चढवत 2023 पर्यंत चौपटीच्या वर नेलं. वरुड-काटोलच्या बागांचा जो माल सीमेपलीकडे जायचा तो इथेच उतरला, की नागपूरच्या कळमना बाजारात भाव बसलेच. दुसरा देश शोधा म्हणाल, तर आपल्या संत्र्याची साल सैल, आत बिया, आणि टिकतं थोडेच दिवस. 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाने फळ जहाजात टिकत नाही. राज्य सरकारला शेवटी शुल्काच्या निम्मं अनुदान जाहीर करावं लागलं.

आणि डिसेंबर 2023 मध्ये आपण कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा ढाक्यात कांदा भडकला, ते विसरू नये. मला स्थानिकता हवीच आहे, पण ती बागेजवळ प्रतवारी, शीतगृहं आणि रसाचे कारखाने उभे करणारी.